नववीच्या इंग्रजीच्या तासाला नियम किती ठेवावेत आणि ते टिकवावेत कसे?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. मराठी माध्यमाच्या हायस्कूलला नववीचं इंग्रजी (तृतीय भाषा) माझ्याकडं आहे. पटावर ६४ लेकरं, बाकांच्या चार रांगा, एका बाकावर तिघं. तास ३५ मिनिटांचा. त्यातली सात-आठ मिनिटं हजेरी, 'वही काढा', 'पुस्तक कुठंय' यातच जातात. खेड्यावरून एसटीनं येणारी लेकरं पहिल्या तासाला उशिरा पोचतात. आपसात बोलायला दिलं की इतका गलका होतो की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहतात. भिंतीवर बारा नियमांचा तक्ता आहे, त्याच्याकडं कुणी बघत नाही.

नियम नेमके किती आणि कोणते ठेवावेत? ६४ वह्या कशा तपासाव्यात? आणि 'इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजीच बोलायचं' हा नियम करावा का? छडी मला नको आहे, हे आधीच सांगते.

खडू_फळा (लातूर)

मॅडम, तो तक्ता उतरवा आणि चारच नियम ठेवा. तासाला वही, पुस्तक, पेन हवंच. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं. कुणाच्या चुकीला हसायचं नाही. दिलेलं काम अर्धवट राहिलं तर चालेल, पण स्वतःचंच हवं.

यातला तिसरा सगळ्यात वरचा. 'शी गो टू स्कूल' म्हणणाऱ्या पोरीला एकदा वर्ग हसला की ती वर्षभर तोंड उघडत नाही, आणि पुढं दहावीत ८० गुण लेखीला असले तरी २० तोंडी-अंतर्गतला असतात. म्हणून या नियमाला सूट नाही. हसू ऐकू आलं की हातातलं वाक्य तिथंच सोडा, वर्ग शांत होईपर्यंत थांबा, मग त्याच पोरीला वाक्य पूर्ण करू द्या आणि पुढं चला. दुरुस्ती नंतर, फळ्यावर, नाव न घेता.

बाकीच्या गोष्टी (तास सुरू कसा करायचा, वह्या कशा गोळा करायच्या, प्रश्न कसा विचारायचा) नियम म्हणून लिहून ठेवल्या तर वर्गात उतरत नाहीत. त्या धड्यासारख्या शिकवाव्या लागतात. आधी आपण करून दाखवायचं, मग एका बाकाकडून करवून घ्यायचं, मग एका रांगेकडून, मग सगळ्या वर्गाकडून. चुकलं तर न रागावता पुन्हा करायला लावायचं. एका आठवड्यात एकच पद्धत. पाच एकदम सांगितल्या की एकही बसत नाही.

पहिली पद्धत तासाच्या सुरुवातीची. आपल्याकडं लेकरं वर्गात बसून असतात आणि शिक्षक वर्ग बदलतात. आपण पोचेपर्यंत दोन-तीन मिनिटं वर्ग मोकळाच असतो, आणि गोंधळाचं मूळ तिथं आहे. म्हणून आठवड्याच्या सहा चिठ्ठ्या सोमवारी मॉनिटरकडं देऊन ठेवा. आधीचे शिक्षक बाहेर पडले की त्यानं फळ्याचा डावा तिसरा हिस्सा पुसायचा आणि चिठ्ठी उतरवायची: तारीख आणि तीन छोटी कामं. दोन वाक्यं कालच्या वह्यांतली, एकेक चूक असलेली, आणि एक शब्द, ज्याचं वाक्य करायचं. आपण आत येता तेव्हा माना वहीत असल्या पाहिजेत. दोन मिनिटं लिहायला, एक मिनिट शेजाऱ्याशी पडताळायला, एक मिनिट फळ्यावर उत्तराला. तेवढ्यात बैठकीच्या आराखड्यावरून रिकाम्या जागा टिपून घ्या. विषयाच्या तासाला नावं पुकारत बसायची गरज नाही, तो हजेरीचा कॅटलॉग वर्गशिक्षकांचा.

हे दोन कारणांनी फसतं. काम लांबलचक दिलं तर नुसतं उतरवण्यातच आठ मिनिटं जातात. आणि दोन दिवस उत्तरं न घेता पुढं गेलात तर तिसऱ्या दिवशी कुणी लिहीत नाही.

आता वह्या. ६४ वह्या एकाच दिवशी घरी नेऊ नका. रोज एक रांग, म्हणजे १६ वह्या. दीड मिनिटाला एक धरली तर २४ मिनिटं, एका ऑफ तासात होतात. सोमवार ते गुरुवार चार रांगा, शुक्रवारी राहिलेल्यांच्या. शनिवारी अर्धी शाळा, तो दिवस सोडून द्या. गोळा करताना मागच्या बाकावरून पुढं सरकवायच्या आणि प्रत्येक वही आजच्या पानावर उघडी ठेवूनच दुसरीवर ठेवायची. पान शोधण्यातच तपासण्याचा निम्मा वेळ जातो. परत देताना पुढून मागं.

तपासताना सगळ्या चुकांवर लाल शाई नको. आठवड्याला एकच चूक धरा, उदा. क्रियापदाला लागणारा 'एस'. तिच्याखाली रेघ मारा, दुरुस्त लेकरू करील. सगळं आपणच दुरुस्त करून दिलं की ते सही बघतं आणि वही मिटतं.

बालाघाट (बीड)

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त एसटीनं येणाऱ्यांची व्यवस्था वेगळी करा.

दाराजवळचे दोन बाक पहिल्या तासाला रिकामे ठेवा. उशिरा आलेल्यानं 'मे आय कम इन' विचारायचं नाही. त्या एका प्रश्नानं ६३ जणांचं लक्ष तुटतं. गुपचूप यायचं, तिथं बसायचं आणि फळ्यावरच्या चिठ्ठीतलं पहिलं काम उतरवायचं. तो डावा हिस्सा म्हणूनच पहिली पंधरा मिनिटं पुसू नका. तास संपल्यावर खिडकीत ठेवलेल्या उशिराच्या वहीत नाव, वेळ आणि गाडी कुठली ते लिहायचं. पंधरा दिवसांनी ती वही नीट बघा. एकाच गाडीची सगळी लेकरं रोज उशिरा येत असतील तर चूक लेकरांची नाही. तारखांसह यादी मुख्याध्यापकांकडं द्या, त्यांनी एसटीच्या आगाराला पत्र लिहावं. मुली मानव विकासच्या (शाळेत येणाऱ्या मुलींसाठीच्या मोफत) बसनं येत असतील तर त्या बसच्या वेळाही त्याच पत्रात घ्या. आणि वेळापत्रकात इंग्रजी दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मागून बघा, बऱ्याचदा मिळतं. एकटंदुकटं लेकरू गाडी वेळेवर येऊनही उशिरा दिसत असेल तर त्याच्याशी बोलायचं, तेही तास संपल्यावर.

दुसरं, ऊसतोडीचं. परभणीतही थोडंफार असेलच. कारखाने सुरू झाले की काही लेकरं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. जी जातात ती मार्च-एप्रिलकडं परततात. त्यांच्यासाठी वर्गात शंभर पानी 'बुडालेल्या तासांची वही' ठेवा. रोज एका ओळीत चार गोष्टी: तारीख, पाठ्यपुस्तकाचं पान, काय केलं, गृहपाठ काय. लिहायचं काम बाकाबाकानं फिरतं ठेवा. आठवड्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या एका ओळीवर आपण चांदणी काढायची.

परत आलेल्या लेकराला 'मागचं सगळं उतरवून काढ' म्हणू नका. ते आठ-दहा दिवस नुसतं उतरवत बसतं आणि त्या दिवसांतलं नवंही हातचं जातं. त्यानं चांदण्यांची कामं तेवढी करायची, शिवाय पत्रलेखनाचा एक नमुना आणि उताऱ्यावरचे प्रश्न. दोन आठवड्यांत वर्गाबरोबर येतं. बुडाले दिवस सगळ्यांसमोर मोजून दाखवू नका.

माळरान (धाराशिव)

'फक्त इंग्रजी' हा नियम करू नका, मॅडम. मराठी माध्यमाच्या नववीत तो केला की बोलणारी पाच-सहा लेकरं बोलतात आणि बाकीचा वर्ग मुका होतो. दंड लावला तर आणखी वाईट. मग कळलं नाही तरी कुणी विचारत नाही.

त्याऐवजी सात वाक्यं ठरवा, जी या तासाला इंग्रजीतच म्हणायची: 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'कॅन यू रिपीट दॅट, प्लीज?', 'व्हॉट इज द मीनिंग ऑफ…?', 'हाऊ डू यू स्पेल…?', 'व्हिच पेज?', 'मे आय हॅव अ पेन?', 'आय हॅव फिनिश्ड'. कार्डशीटवर इतक्या मोठ्या अक्षरात लिहा की शेवटच्या बाकावरून वाचता येतील, आणि फळ्याच्या वर लावा. मागं लावला तर लेकरं वळून बघत नाहीत. कुणी मराठीत 'कोणतं पान?' विचारलं तर रागवायचं नाही, बोटानं तक्ता दाखवायचा आणि थांबायचं. सात पक्की झाली की दर महिन्याला दोन वाढवा. व्याकरणाचा मुद्दा, कवितेतला भाव, 'हे असं का?' हे मराठीत खुशाल बोलू द्या.

आता गलका. बाकावर तिघं असताना 'जोडी करा' म्हटलं की मधला एकाकडं वळतो आणि तिसरा मोकळा राहतो. आवाज तिथून सुरू होतो. म्हणून तिघांनाच काम द्या. खिडकीकडचा विचारील, मधला उत्तर देईल, वाटेकडचा ऐकून एक वाक्य वहीत लिहील. साठ सेकंदांनी कामं एक जागा सरकतात. तीन फेऱ्या म्हणजे तीन मिनिटं. मग कोणत्याही तीन-चार बाकांवरच्या लिहिणाऱ्याला उभं करून वाक्य वाचायला लावा. कुणाला उठवणार ते आधी सांगू नका.

फळ्यावर वाक्याचा सांगाडा हवाच: 'आय लाइक… बिकॉज…'. सांगाड्याशिवाय नुसतं 'डिस्कस' म्हटलं की तिसाव्या सेकंदाला गावच्या यात्रेच्या गप्पा सुरू होतात, आणि त्यात लेकरांचा दोष नाही. बोलायला शब्दच नसतात.

थांबवण्याची खूण एकच ठेवा. हात वर, आणि हळू आवाजात 'फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन'. ज्याला दिसेल त्यानंही हात वर करायचा. ही खूण काम देण्याआधी दोन दिवस नुसतीच शिकवा. मुद्दाम बोलायला सांगा, थांबवा, पुन्हा बोलू द्या, पुन्हा थांबवा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथं: 'वन' झाल्यावर चार जण अजून बोलत असतात आणि शिक्षक पुढची सूचना देऊन मोकळे होतात. तसं दोनदा झालं की खूण संपली. शेवटचं लेकरू थांबेपर्यंत आपण गप्प राहायचं. ते दहा सेकंद फार लांब वाटतात, पण बोलायचं नाही.

आवाज किती चालेल तेही दाखवून ठेवा. एका बाकाचं बोलणं पुढचा बाक सोडून त्याच्या पुढच्या बाकाला शब्दन् शब्द कळत असेल तर तो जास्त. पत्र्याची खोली असेल तर पाऊस सुरू झाल्यावर हे काम घेऊच नका. पत्र्याच्या आवाजावर मात करायला लेकरं ओरडतात, आणि ती सवय उन्हाळ्यापर्यंत जात नाही. त्या दिवशी लिखाण घ्या.

पूर्णाकाठ (परभणी)

चिठ्ठ्यांची पद्धत आणि तिघांची कामं लगेच जमण्यासारखी आहेत. दोन गोष्टी राहिल्या. गृहपाठ निम्मा वर्ग करत नाही, जे करतात ते गाइडमधून उतरवतात. आणि सांगूनही न ऐकणारे चार-पाच जण आहेत, त्यांचं काय करावं?

गोदाकाठ (नांदेड)

गृहपाठाची सुरुवात वर्गातच करून द्या. शेवटची चार मिनिटं राखून ठेवा आणि पहिलं वाक्य सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी दप्तर भरायचं नाही. कोरं पान घरी गेलं की कोरंच परत येतं. मोजका द्या, पाच ते सहा ओळी. घरी शेळ्या, पाणी, धाकटी भावंडं हे सगळं असतं.

गाइडवर बंदी घालून उपयोग नाही, प्रश्न बदला. स्वाध्यायातला प्रश्न जसाच्या तसा दिला तर उत्तर छापील मिळणारच. 'धड्यातल्या मुलाच्या जागी तुमच्या गावातली मुलगी असती तर तिनं काय केलं असतं, चार वाक्यं' असं विचारलं की गाइड उपयोगाचं राहत नाही. इंग्रजी मोडकं येईल, पण त्याचं स्वतःचं येईल, आणि खडू_फळा यांचा चौथा नियम तेवढाच मागतो.

ज्यांनी केला नाही त्यांनी वहीत त्या तारखेखाली कारण एका इंग्रजी वाक्यात लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी काम दाखवायचं. महिन्यात तीनदा झालं की पालकांना फोन. बाप कामावर असतो, म्हणून संध्याकाळी सातनंतर करा, आणि आधी लेकराची एक चांगली गोष्ट सांगून मग विषय काढा.

न ऐकणाऱ्यांसाठी पायऱ्या ठरलेल्या असू द्या आणि त्या वर्गाला माहीत असू द्या. आधी नुसती नजर. मग शिकवतच त्याच्या बाकाजवळ जाऊन उभं राहणं. मग हळू आवाजात नाव. मग जागा बदलणं. तेवढ्यानं भागलं नाही तर तास संपल्यावर दारापाशी दोन मिनिटं, एकट्याशी. सगळ्या वर्गासमोर वाद घातला की मित्रांपुढं त्याला माघार घेता येत नाही आणि तो वाढवत नेतो. त्याला वह्या गोळा करायचं किंवा वेळ मोजायचं काम द्या, बराच फरक पडतो.

वर्गाबाहेर उभं करू नका. तो बाहेर कुठं गेला तर जबाबदारी आपलीच, आणि बुडतं ते इंग्रजीच. पैशाचा दंडही नको. छडी तुम्ही नाकारलीच आहे, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. तो कायदा ६ ते १४ वर्षांसाठी आहे, म्हणून नववी-दहावीला मोकळीक आहे असं कुणी समजू नये. ताब्यातल्या लेकराशी क्रूरपणे वागणं गुन्हा ठरवणारं बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराला लागू आहे.

अवांतर: तोंडी परीक्षेला ६४ जणांना तीन-तीन मिनिटं म्हणजे १९२ मिनिटं, ३५ मिनिटांचे सहा तास जातात. बाकीच्यांना त्या वेळी मूकवाचनाचा उतारा आणि पाच प्रश्न द्या, नाहीतर ते सहा तास गोंधळातच जातील.

खडू_फळा (लातूर)

मॅडम, वर्ष अर्ध्यावर आलंय म्हणून थांबू नका. सुट्टीनंतरच्या सोमवारी सुरू करा. क्रम असा ठेवा: पहिला आठवडा फळ्यावरची चिठ्ठी, दुसरा हात वर करायची खूण, तिसरा वह्या, चौथा तिघांचं बोलणं. खूण पक्की होण्याआधी तिघांचं बोलणं सुरू करू नका. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली आणि तास आखूड झाले की चिठ्ठीत तीनऐवजी एकच काम ठेवा, पण चिठ्ठी बंद करू नका. आणि मॉनिटर गैरहजर असला तर चिठ्ठी कोण लिहिणार, त्याचं नाव आजच ठरवून ठेवा.