समुद्र न दाखवणारा बार

काचेची भिंत, समोर समुद्र आणि कडेला इन्फिनिटी पूल (काठ न दिसणारा, समुद्रात मिसळल्यासारखा वाटणारा तलाव) असला की बेटावरचा लाउंज बार जमला, असं बार आखणारे काही जण म्हणतात; ते काही पटलं नाही. हे सगळं मालदीवलाही चालतं आणि मॉरिशसलाही. मग त्या बेटाचं असं त्यात काय उरलं? स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या लान्झारोतेवरचं खामेओस देल आग्वा हे बार असलेलं ठिकाण बघा. तिथलाच कलाकार सेझार मानरिके याच्या कल्पनेतून 1966 मध्ये ते सुरू झालं, तेही चक्क लाव्हाच्या नळीत. म्हणजे ला कोरोना ज्वालामुखीचा लाव्हा वाहून गेल्यावर मागे जो पोकळ बोगदा राहिला त्यात. छत कोसळून झालेल्या खड्ड्यात पायऱ्यांनी उतरायचं. खाली बार, टेबलं, बाजूला काळा ओबडधोबड खडक. समुद्र दिसतच नाही, पण पुढच्या तळ्यात पाणी त्याचंच, खडकातून झिरपून आलेलं.

आणि बारमधल्या पाण्यात खालून दिवे सोडावेत असंही कुणी सुचवतं, ते जरा जपून. खामेओसच्या या तळ्यात जेमतेम सेंटिमीटरभराचे पांढरे, आंधळे खेकडे राहतात. काळ्या तळावर मीठ सांडल्यासारखे दिसतात. प्रकाश आणि गोंगाट त्यांना सोसत नाही. शिवाय लोक हौसेने नाणी टाकायचे, ती खाऱ्या पाण्यात गंजली की खेकड्यांच्या जिवावर बेतायचं. आता नाणी टाकायला बंदी आहे. तेव्हा बारच्या आखणीत तळं घेणारच असाल, तर दोन पेग पोटात गेल्यावर गिऱ्हाईक त्यात काय काय टाकेल, याचा विचार ड्रॉइंगवरच करून ठेवा.