बाबूजींची २० गाणी, अडीच तास... क्रम कसा लावायचा?

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमचा पाच जणांचा हौशी ग्रुप आहे, दिवसा कोण बँकेत कोण दुकानात आणि रात्री साडेनऊनंतर पेटी-तबला. २५ जुलैला सुधीर फडक्यांचा जन्मदिवस, माणूस १९१९ साली आपल्या कोल्हापुरात जन्मला, वामनराव पाध्यांकडं इथंच गाणं शिकला, मग म्हटलं यंदा फक्त बाबूजींचा कार्यक्रम करायचा. राजारामपुरीत छोटा हॉल मिळालाय, दीडशे खुर्च्या, तिकीट नाही. २५ जुलैला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला, म्हणजे इशारा पातळीला, टेकलेलं नसलं म्हणजे मिळवली.

तर विषय असा की वेळ अडीच तास, निवेदन धरून २० गाणी बसतात. मी यादी केली ती सरळ सालाप्रमाणं. 'लाखाची गोष्ट'पासून सुरुवात, मग गीतरामायण सलग ६, मग 'जगाच्या पाठीवर' ४, मग 'प्रपंच', मग १९७० ची, आणि शेवटाकडं भावगीतं एकत्र: तोच चंद्रमा, सखी मंद झाल्या तारका, स्वर आले दुरुनी, संथ वाहते कृष्णामाई, आणि समारोप फिटे अंधाराचे जाळे. पोस्टरवर 'संगीतकार सुधीर फडके: सुरांचा प्रवास' असं टाकलंय.

काल घरी यादी वाचून दाखवली तर बायको म्हणाली ही रेशनची यादी वाटते. काय चुकतंय कळंना. सांगा की कोणीतरी.

पांढरा_रस्सा

भावा, गीतरामायण सलग ६ घेतलंस तर पब्लिक हात जोडून बसणार आणि मग 'धुंदी कळ्यांना' आलं की ताल धरायला हात सुटायचे नाहीत. एवढंच सांगतो. बाकी जाणकार बोलतीलच.

जुनी_कॅसेट

यादीत एक घोळ आहे तो आधी निस्तरा, नाहीतर पहिल्या रांगेतला एखादा आजोबा मध्यंतरात तुम्हाला गाठणार. तुमच्या पोस्टरवर 'संगीतकार' आहे आणि शेवटच्या पाचातली चार गाणी बाबूजींच्या चालीची नाहीतच. 'सखी मंद झाल्या तारका' राम फाटक. 'स्वर आले दुरुनी' प्रभाकर जोग, जे बाबूजींकडं व्हायोलिन वाजवायचे आणि सहायकही होते, शब्द यशवंत देवांचे. 'संथ वाहते कृष्णामाई' दत्ता डावजेकर. 'फिटे अंधाराचे जाळे' तर श्रीधर फडक्यांचं, म्हणजे मुलाच्या चालीवर बाप गायलाय. त्या पाचात बाबूजींची स्वतःची चाल एकच, 'तोच चंद्रमा', शब्द शांता शेळक्यांचे.

ही चूक सगळेच करतात, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आवाज इतका ओळखीचा की आपण चालही त्यांच्याच नावावर जमा करून टाकतो. आमच्या घरी एक कॅसेट होती, मामानं रेडिओवरून भरलेली, वर निळ्या पेनानं नुसतं 'फडके' लिहिलेलं, दोन गाण्यांच्या मध्ये मामाचं बटण दाबल्याचा खट्ट आवाज. त्यात ही सगळी एकापाठोपाठ होती, त्यामुळं मला कॉलेजात जाईपर्यंत पत्ता नव्हता कुठलं कुणाचं. आजही 'सखी मंद' संपलं की तो खट्ट कानात येतो.

म्हणून गाणी काढू नका, पण पोस्टरवर 'गायक-संगीतकार' करा आणि ही चार एका ठिकाणी आणून निवेदनात सांगा की दुसऱ्याची चाल गाताना हा संगीतकार कसा वागायचा. स्वतः एवढा मोठा असून 'अशी पाखरे येती' यशवंत देवांकडं जाऊन गायला, हे मला तरी फार वाटतं.

पेटीवाला_काका

वयानं मोठा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

सालाप्रमाणं लावायचं हे ऐकायला बरं वाटतं पण बाबूजींच्या बाबतीत बसत नाही, कारण त्यांची लोकप्रिय गाणी सालागणिक सारखी वाटलेलीच नाहीत. १९६० ला 'जगाच्या पाठीवर', त्यातली चार तरी टाळता येत नाहीत, लगेच ६१ ला 'प्रपंच', 'सुवासिनी', हिंदीत 'भाभी की चूडियाँ'. मग १९७० ला एकाच वर्षात 'मुंबईचा जावई', 'धाकटी बहीण' आणि 'झाला महार पंढरीनाथ'. म्हणजे सालाप्रमाणं गेलात की दोन ठिकाणी वाहतूक तुंबणार आणि मधे मोकळा रस्ता.

दुसरं, पट्टी, म्हणजे ज्याचा त्याचा गायचा सूर. तुमच्यात बाप्ये गाणारे किती आणि बायका किती ते लिहिलं नाही. समजा बाप्या पेटीच्या काळी एकला आणि बाई काळी चारला, आणि तुम्ही एक गाणं त्याचं एक तिचं असं लावलं, तर तबलजी दर गाण्याला हातोडी घेऊन तबला सुरात लावत बसणार. दोन तबले मिळवून ठेवलेले असले तरी ते बदलायचे, एकदा थाप मारून बघायची, कीबोर्डवाल्यानं ट्रान्सपोज बदलायचं, तोपर्यंत निवेदक बिचारा तेच वाक्य फिरवून फिरवून बोलतोय आणि मागं टिंग टिंग टिंग. एका कार्यक्रमात मी हे भोगलंय, कुठल्या ते सांगत नाही, श्रोते निवेदन सोडून हातोडीकडंच बघत होते. तीन-तीन गाणी एका पट्टीत लावा, मगच आवाज बदला.

तिसरं, यमन राग. 'तोच चंद्रमा' यमन, गीतरामायणातलं 'दैवजात दुःखे भरता' यमनकल्याण. ही दोन लांब ठेवा, नाहीतर आधीच्याचा रंग पुढच्याला लागतो.

सूरवेडी

काका, पट्टीचं शंभर टक्के बरोबर, पण यमनचं मला उलटं वाटतं. ती दोन मुद्दाम शेजारी ठेवून बघा ना! एकाच घरातले स्वर, एकात राम भरताला समजावतोय आणि दुसऱ्यात चंद्र तोच, रात्र तीच, पण माणसं ती राहिलेली नाहीत. दोन्हीकडं कुणीतरी कुणाला परत मिळणार नाहीये. निवेदकानं मधे एक अक्षर बोलायचं नाही, पेटीनं नुसता षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवायचा. बाबूजी चाल कशी शब्दाच्या मागून चालवायचे ते दहा मिनिटं भाषण करून कळणार नाही ते तिथं कळतं.

आणि आता माझी खरी तक्रार. रंकाळा दादा, तुमच्या यादीत बाईच्या आवाजातली गाणी मोजून दोन! संगीतकार म्हणून दाखवायचंय तर अर्धे बाबूजी बायकांच्या गळ्यात आहेत. 'त्या तिथे पलीकडे' (मालती पांडे), 'बाई मी विकत घेतला श्याम', 'का रे दुरावा', 'ज्योती कलश छलके'. गीतरामायणसुद्धा रेडिओवर लागायचं तेव्हा एकट्यानं नव्हतं गायलेलं, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या, लतादीदी होत्या. सगळं त्यांच्या एकट्याच्या आवाजात नंतर ध्वनिमुद्रित झालं आणि तेच आपल्या डोक्यात बसलं.

'का रे दुरावा' मी क्लासमध्ये शिकले तेव्हा बाई म्हणाल्या आवाज अर्धा कर. केला. म्हणाल्या अजून अर्धा कर. शेजारच्या खोलीत सासू झोपलीय असं समजून म्हण! तेव्हा कुठं ते गाणं सापडलं. हॉलमध्ये आमच्याकडं लोक मोठ्यांदा गातात आणि मग म्हणतात मूळ गाण्यासारखं होत नाही.

मंगळवारपेठकर

कोल्हापुरात कार्यक्रम करायलाय आणि गीतकार जगदीश खेबुडकरांचं नाव नाही पोस्टमधी? व्हय रं? धुंदी कळ्यांना, देहाची तिजोरी, आकाशी झेप घे रे पाखरा, पान जागे फूल जागे... चारी खेबुडकरांची आणि चाली बाबूजींच्या. एक हितं जन्मलेला, एक हळदी गावचा, पेशानं मास्तर, हितंच राहून लिहिलेला. गावचा विषय हाय म्हणून बोललो.

साल-बिल सोडा, कवीप्रमाणं लावा. पहिला भाग गदिमा माडगूळकर, दुसरा भाग खेबुडकर आणि बाकीचे. मध्यंतरात चहा. काय विषय नाही.

पेटीवाला_काका

मंगळवार पेठेनं लाखातली गोष्ट सांगितली. कवीप्रमाणं लावलं तर सालाचा क्रमही ढोबळमानानं आपोआप सांभाळला जातो, आधी गदिमा आणि मग खेबुडकर. आणि चालीतला फरकही दिसतो. गदिमांचे शब्द आले की चाल कीर्तनाच्या वाटेनं जाते, खेबुडकरांच्या वेळी जरा कमरेत हलते. निदान मला तरी तसं दिसतं.

सूरवेडी ताई, यमनचं करून बघायला हरकत नाही, पण दोन्ही गायला एकच गायक पाहिजे आणि तो दमलेला नसला पाहिजे. 'दैवजात'ला कडवी किती आहेत ते आठवा. आणि कडवी कापायची वेळ आली तर दोन ओंडक्यांचं कडवं तेवढं कापू नका, लोक त्याच्यासाठीच बसलेले असतात.

साखर_कारखाना

माझं मत वेगळं आहे, शिव्या खायची तयारी आहे. गीतरामायण घेऊच नका. ५६ गाणी आहेत, अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ झाली, वर्षभर दर आठवड्याला एक असं लोकांनी ऐकलेलं. त्यातली पाच-सहा उचलून फिल्मी गाण्यांच्या मधे टाकली की ना रामायण राहतं ना बाबूजी. त्याचा वेगळा कार्यक्रम रामनवमीला करा. इथं बाकीचे बाबूजी दाखवा, जे गीतरामायणाच्या सावलीत दिसत नाहीत. किशोरकुमारचं 'खुश है जमाना आज पहली तारीख है' बाबूजींचं आहे हे हॉलमधल्या किती जणांना माहीत असेल? रेडिओ सिलोनवर दर महिन्याच्या १ तारखेला वाजायचं ते.

जुनी_कॅसेट

गीतरामायण पूर्ण वगळलं तर लोक उठून विचारतील, आणि बरोबरच विचारतील. पण सलग नको हे मान्य. मला एक सुचतंय.

पहिलं गाणं 'स्वये श्रीरामप्रभू ऐकती', त्यात कुश-लव रामापुढं गायला बसलेत. छप्पन्नावं 'गा बाळांनो, श्रीरामायण', त्यात वाल्मीकी त्या पोरांना सांगतोय की जा, गा. म्हणजे छप्पन्नावं गाणं गोष्टीत पहिल्याच्या आधी घडतं, शेवट झाला की पुन्हा सुरुवातच येते. मग कार्यक्रम पहिल्यानं उघडा, छप्पन्नाव्यानं मिटवा, आणि मधे एकच, 'दैवजात'. तीन झाली. बाकी सगळा सिनेमा आणि भावगीतं त्या दोघांच्या पोटात. आणि 'गा बाळांनो' भैरवी रागात आहे, मैफल भैरवीनंच मिटवतात, त्यामुळं शेवट कुठं करायचा हा प्रश्नच मिटला.

पांढरा_रस्सा

भैरवी झाल्यावर कोण ओरडलं 'वन्स मोअर धुंदी कळ्यांना' तर? आपल्याकडं ओरडणार म्हणजे ओरडणार.

पेटीवाला_काका

भैरवीनंतर काही नाही. पेटीचा भाता बांधायचा आणि उठायचं. फर्माईश असली तर चिठ्ठ्या मध्यंतरात घ्या.

रंकाळ्याचा_वारा

मंडळी काय सांगू, रात्री साडेबारापर्यंत हेच वाचत बसलो, मग ग्रुपवर टाकलं आणि आज सकाळपासून बँकेत लक्ष नाही. आधी चूक कबूल, चार गाण्यांचे संगीतकार मला खरंच माहीत नव्हते, पोस्टर बदलायला टाकलंय, 'गायक आणि संगीतकार'. छापायच्या आधी कळलं हे नशीब.

आता ठरलंय ते असं. उघडायचं 'स्वये श्रीरामप्रभू'नं. मग गदिमा: आमच्यातली एक ताई काळी चारला गाते, तिची तीन सलग, त्या तिथे पलीकडे, विकत घेतला श्याम, का रे दुरावा (सासूचा किस्सा तिला पाठवलाय, हसून हसून मेली). मग बाप्यांची, उद्धवा अजब तुझे सरकार, एक धागा सुखाचा, विठ्ठला तू वेडा कुंभार, आणि दोघं मिळून कानडा राजा पंढरीचा. मग 'दैवजात' आणि त्याला लागूनच 'तोच चंद्रमा', मधे निवेदन नाही, नुसता षड्ज. गायचा दादा म्हणतोय जमेल पण त्याच्या आधी त्याला दोन गाणी बसू द्या, म्हणजे 'कानडा राजा' दुसऱ्यांना द्यावं लागणार. मग मध्यंतर, चहा, चिठ्ठ्या.

दुसऱ्या भागात आधी दुसऱ्यांच्या चाली, सखी मंद, स्वर आले दुरुनी, अशी पाखरे येती, फिटे अंधाराचे जाळे. 'संथ वाहते' बाहेर गेलं, मला फार वाईट वाटतंय, पण २५ जुलैला कृष्णा-पंचगंगा संथ वाहत नसतात, तेव्हा असू दे. मग ज्योती कलश, मग खेबुडकरांची चारी (मंगळवार पेठ खूश?), आणि शेवटी भैरवी. मोजली तर बरोबर २० झाली, चिठ्ठीसाठी एखादं गाणं काढावं लागणार.

'पहली तारीख' घ्यावं की नाही यावर ग्रुपमध्ये दोन गट पडलेत. तबलजी म्हणतो घ्या, एवढा वेळ केहरवा ताल हळू वाजवून हात आखडतो.

साखर_कारखाना

घ्या की.

मंगळवारपेठकर

खूश हाय. पण २५ तारखेला पहली तारीख? खिशात चहाला पैसे नसत्यात त्या दिवशी. लोक हसतील का रडतील सांगता येत नाही. येतो मी, दोन खुर्च्या धरून ठेवा, पुढच्या नको, पंख्याखालच्या.