‘टॉलरन्स’ आणि ‘आयरनी’ : भाषांतरात अडलेले दोन शब्द

आमच्या वाचनमंडळाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. दोन शब्दांपाशी अडले आहे.

संदर्भ असा. १४ सप्टेंबर २००० रोजी अटलबिहारी वाजपेयी अमेरिकी काँग्रेससमोर बोलले. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाचं कामकाज ओहायोतल्या एका देवळाचे पुजारी व्यंकटाचलपती समुद्राला यांच्या प्रार्थनेनं सुरू झालं. तिथे हिंदू पुजाऱ्यानं प्रार्थना म्हणण्याची ती पहिलीच वेळ. फॅमिली रिसर्च कौन्सिल या पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनेनं त्यावर टीका केली. धर्मस्वातंत्र्य हे देशाचं पवित्र तत्त्व आहे खरं, पण इतर धर्मांना ख्रिस्ती धर्माच्या पंक्तीला बसवावं हा त्याचा हेतू कधीच नव्हता, असा टीकेचा आशय. नंतर संघटनेनं खुलासा केला की, इतर धर्मीयांच्या प्रार्थनेला राज्यघटनेची मनाई आहे असं आपलं म्हणणं नाही.

दुसरा प्रसंग १२ जुलै २००७ चा. सिनेटमध्ये हिंदू पुरोहित राजन झेद प्रार्थनेला उभे राहिले आणि प्रेक्षकसज्जातून तिघे ओरडू लागले. ही दुष्टांची प्रार्थना आहे, ती होऊ दिल्याबद्दल आम्हाला क्षमा कर, अशी ते येशूची करुणा भाकत होते. त्यांना अटक झाली आणि झेद यांनी प्रार्थना पूर्ण केली.

दोन्ही प्रसंगांना मूळ लेखात ‘इनटॉलरन्स’ हाच शब्द आहे. मी ‘असहिष्णुता’ लिहिलं. धर्मस्वातंत्र्यासाठी झगडलेल्यांचे वारसच ते इतरांना नाकारतात, या ‘आयरनी’ला ‘उपरोध’ लिहिलं. दोन्ही वाचताना खटकतात.

प्रतिसाद :
असहिष्णुता बरोबरच आहे की! दुसऱ्याची प्रार्थना ओरडून बंद पाडायला जाणं याला आणखी काय म्हणणार?

प्रतिसाद :
२००७ साठी चपखल, २००० साठी नाही. ताई, तुम्हाला जे खटकतंय ते शब्दाच्या पोटातच आहे.

‘सह्’ म्हणजे सोसणे. त्याला ‘इष्णु’ लागला की तसा स्वभाव असलेला. शिवरायांच्या राजमुद्रेतल्या ‘वर्धिष्णु’मध्ये हाच प्रत्यय आहे. म्हणजे सहिष्णु तो, ज्याच्या अंगी सोसणं आहे. ‘टॉलरन्स’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही सोसणे, पेलणे हाच. आता मराठीत आपण काय सोसतो ते आठवा: ऊन, कळा, सासुरवास. ज्याला सोसायचं तो त्रासच ठरतो. शेजाऱ्याचा धर्म मी ‘सोसतो’ म्हटलं की मी यजमान झालो आणि तो आगंतुक.

२००० मधले टीकाकार हिंदूंना सोसायला तयारच होते. त्यांनी नाकारली ती बरोबरी. त्याला असहिष्णुता म्हटलं तर ते म्हणतील, आम्ही तर सहिष्णु आहोत, आणि शब्दशः ते खरं ठरेल!

हा वाद अमेरिकेच्या जन्माइतकाच जुना आहे. १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा जॉर्ज मेसन यांनी केला, त्यात धर्माचरणाबाबत ‘टॉलरेशन’, म्हणजे सोसून दिलेली मुभा, असा शब्द होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या, तेव्हा पंचवीस वर्षांच्या जेम्स मॅडिसननं त्याला हरकत घेतली. मुभा देणारा ती काढूनही घेऊ शकतो, ही त्यातली गोम. अखेरच्या मजकुरात सर्वांना धर्माचरणाचा ‘सारखा हक्क’ आला. त्याच व्हर्जिनियात त्या काळी परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या उपदेशकांना तुरुंगात टाकत होते. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी १८०१ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसनला लिहिलं की, आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य मिळतं ते मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नव्हे. हे वाक्य मला फार जवळचं वाटतं. आजचे अनेक पुराणमतवादी ख्रिस्ती या बाप्टिस्टांना आपले पूर्वज मानतात. सगळे बाप्टिस्ट २००० मधल्या टीकाकारांसारखं बोलत नाहीत, हेही नोंदवायला हवं. पूर्वजांचं ते पत्र मनापासून जपणारेही त्यांच्यात आहेत.

आणि ‘हेतू कधीच नव्हता’ याबद्दल. व्हर्जिनियाच्या १७८६ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालायची दुरुस्ती आली होती, ती मोठ्या बहुमतानं पडली. कायद्याचं छत्र कुणाकुणावर धरायचं होतं ते, तो कायदा लिहिणाऱ्या जेफरसननंच आत्मचरित्रात सांगितलं आहे: ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारेही. ‘हिंदू’ हा शब्द तिथे आहे!

म्हणून २००० साठी ‘समान हक्काचा नकार’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

प्रतिसाद :
‘आयरनी’बद्दल. उपरोध मुद्दाम केलेला असतो. बोलणाऱ्याला तो ठाऊक असतो. इथे टीकाकार पूर्ण गांभीर्यानं बोलत आहेत, विसंगती फक्त आपल्याला दिसते. तेव्हा उपरोध नको. हल्ली हिंदीवरून ‘विडंबना’ येतो, तोही टाळा. आपल्याकडे विडंबन म्हणजे एखाद्या कवितेची गमतीदार नक्कल, आणि विटंबना म्हणजे अप्रतिष्ठा. वाचक भलतीकडेच जाईल. ‘दैवदुर्विलास’ भारदस्त आहे, पण इथे दैवाचा काय संबंध? माणसांनीच केलंय.

प्रतिसाद :
‘विरोधाभास’ चालेल का?

प्रतिसाद :
नाही. विरोधाभासात विरोध नुसता भासतो, नीट पाहिलं की विरतो. इथला विरोध खराच आहे. मी नाम शोधायचंच सोडून देईन. मराठीत हे क्रियापदानं छान सांगता येतं: ‘ज्यासाठी आजोबा तुरुंगात गेले, तेच नातू दुसऱ्याला नाकारतो.’

मूळ प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. २००७ साठी ‘असहिष्णुता’ ठेवते. २००० चं वाक्य असं केलं आहे: ‘मेहेरबानी नको, हक्क हवा, असं म्हणणाऱ्या बाप्टिस्टांचा वारसा सांगणाऱ्या गोटातूनच दोनशे वर्षांनी हिंदूंना मेहेरबानीवर समाधान मानायला सांगण्यात आलं.’ ‘आयरनी’ला वेगळा शब्द लागलाच नाही. ‘गोट’ जरा लढाईचा वाटतो; त्याजागी काही सुचलं तर अंक छपाईला जाण्याआधी, गुरुवारपर्यंत नक्की कळवा.