आज्या काही कमी नव्हत्या
बायकांनी आपली भांडकुदळ, हावरट, खवचट बाजू हसत हसत चारचौघांत मांडणं हे स्टँडअप कॉमेडीमुळे आत्ता आत्ता सुरू झालं, हे मत मला निम्मंच पटलं. माइक नवा आहे, एवढंच. श्रावणातल्या मंगळागौरीचं जागरण आठवा. पूजा सकाळीच आटपते, रात्री चालतो तो निव्वळ धुडगूस. झिम्मा-फुगडी सगळ्यांना ठाऊक असते, पण खरी गंमत भांडणाच्या खेळांत: सासू-सुनेचं, सवती-सवतीचं. एरवी जिचा आवाज माजघराबाहेर जात नाही ती पदर खोचून, हातवारे करत समोरचीच्या माहेराचा उद्धार करते आणि ते खपून जातं.

आमच्याकडे थोरल्या काकू हमखास सासू व्हायच्या आणि नक्कल करायच्या ती थेट आमच्या आजीची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सुनेच्या पानात तूप वाढताना चमचा अर्धाच कलता. आजी समोर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. मग स्वतःच उठून, उकिडवी बसून कोंबडा घालायची, गुडघे गेले खड्ड्यात! पुरुषमंडळींना त्या खोलीत मज्जाव असे, हे महत्त्वाचं. (दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तोच अर्धा चमचा, हेही खरं.) हल्ली सुपारी घेऊन येणारे, एकसारख्या नऊवारीतले ग्रुप नाचतात छान, पण घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलवर शूटिंग करतात. मग सासूची नक्कल करणार कोण?