उलुबुरूनच्या जहाजावरचा माल कुणाचा: राजाचा की व्यापाऱ्याचा?

नांगर

इ.स.पू. १४व्या शतकातल्या पूर्व भूमध्य समुद्राबद्दल काहीही वाचायला घेतलं की राजेच भेटतात. इजिप्तचा फेरो, हित्तींचा (आजच्या तुर्कस्तानातला) राजा, बॅबिलोनचा राजा. एकमेकांना 'भाऊ' म्हणणार, सोनं मागणार, मुलींची लग्नं जुळवणार. त्याला कारण आहे. १८८७ साली इजिप्तमध्ये अमार्ना इथे मातीच्या साडेतीनशेवर पाट्या सापडल्या, त्या बहुतेक राजांच्या आणि त्यांच्या मांडलिकांच्या पत्रांच्या. पत्रं त्यांची टिकली, म्हणून सगळा व्यापारही त्यांच्याच खात्यावर मांडला गेला.

माझं म्हणणं असं की हा व्यापार चालवला तो व्यापाऱ्यांनी. राजे गिऱ्हाईक होते. मोठं गिऱ्हाईक, पण गिऱ्हाईकच.

त्याच काळात बुडालेलं उलुबुरूनचं जहाज बघा. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर काश गावाजवळ १९८२ साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला तळाशी 'कान असलेली धातूची बिस्किटं' दिसली. मग १९८४ ते १९९४ उत्खनन झालं, त्यासाठी बावीस हजारांवर बुड्या माराव्या लागल्या. निघालं काय? सुमारे १० टन तांबं, १ टन कथील, निळ्या काचेचे गोळे, राळेने भरलेले कनानी (आजच्या इस्रायल-लेबनॉन किनाऱ्याकडचे) रांजण, आफ्रिकेचं काळं लाकूड, पाणघोड्याचे दात, शहामृगाची अंडी, पार बाल्टिककडचे अंबराचे मणी. इजिप्तची राणी नेफरतिती हिचं नाव कोरलेला सोन्याचा स्कॅरॅबही (भुंग्याच्या आकाराचा ताईत) निघाला आणि प्रसिद्धी सगळी त्यालाच मिळाली.

मला त्याहून बोलकी वाटतात ती वजनं. जवळपास दीडशे आहेत. बरीच साधी दगडी, काही काशाची, बैल, बेडूक, माशी अशा आकारांत ओतलेली. राजाची भेट पोचवायला निघालेल्या दूताला इतकी वजनं कशाला लागतील? शिवाय एक लाकडी घडीची पाटी आहे, तळहातावर मावेल एवढी, हस्तिदंती बिजागरीची. आतल्या खोलगट भागात मेण भरून त्यावर लिहायचं. मेण समुद्रात गेलं आणि त्याबरोबर लिहिलेलं सगळं. ते वाचता आलं असतं तर हा धागा काढावाच लागला नसता.

तांबटआळी

सपशेल असहमत. आमच्याकडे तीन पिढ्या भांडी घडवायचं आणि कल्हईचं काम झालं, म्हणून मी आधी धातूकडे बघतो. दहा टन तांबं आणि एक टन कथील. दहाला एक. कांसं ओतायचं प्रमाण साधारण हेच. फुटकळ व्यापाऱ्यांनी जमेल तसा गोळा केलेला माल इतका मोजून-मापून निघत नाही. ही कुणा एकाची मागणी आहे.

त्यात ३५४ लाद्या बैलाच्या कातड्यासारख्या, चार टोकं बाहेर काढलेल्या, एकेक साधारण २४ किलोची. उचलून बघा म्हणजे कळेल. आतून त्या सच्छिद्र आहेत, मळी अडकलेली. पुन्हा वितळवल्याशिवाय त्या तांब्याचा उपयोग नाही, म्हणजे माल मोठ्या भट्ट्या असलेल्या ठिकाणी चालला होता. असं ठिकाण त्या काळात राजवाड्याशिवाय कुठलं?

तांबं सायप्रसचं हे तपासणीत ठरलेलं आहे. त्या सायप्रसचा, म्हणजे अलाशियाचा राजा अमार्नाच्या पत्रात फेरोला लिहितो की पाचशे (माप लिहिलेलं नाही) तांबं पाठवतोय, थोडं आहे म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, माझ्या देशात रोगराईने माणसं मेली, तांबं काढणारा उरला नाही. खाण कुणाच्या हातात होती ते यावरून दिसतंच.

नांगर

तांबटआळीकर, धातूबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही. पण त्याच पत्रात तो राजा बदल्यात भरपूर चांदी मागतो, ते का सोडलंत? भेटीला कुणी किंमत लावत नाही.

शिवाय तुर्कस्तानच्याच किनाऱ्याजवळ बुडालेलं केप गेलिडोन्याचं जहाज आहे. १९६० साली पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांनी खणलं, काळ इ.स.पू. १२००च्या आसपास. त्यावर लाद्यांबरोबर टोपल्या भरून काशाची मोड होती. मोडकी हत्यारं, तुटके तुकडे. कुठला राजा दुसऱ्या राजाला मोड भेट देतो? ते मोडीचा धंदा करणाऱ्या माणसाचं जहाज आहे.

आणि उगारितचा, म्हणजे आजच्या सीरियाच्या किनाऱ्यावरच्या बंदराचा, व्यापारी सिनारानू. त्याचं स्वतःचं जहाज क्रीटहून परत आलं की त्यावर जकात नाही, असा लेख सापडलाय. नाव आहे, बापाचं नाव आहे, जहाज आहे.

पाटीवाचक

नांगरताई, सिनारानूचा लेख तुमच्या विरुद्ध जातो. जकात माफ करणारा कोण? उगारितचा राजा. माफी एकाला मिळाली, म्हणजे बाकीच्यांची जहाजं राजाच्या माणसांसमोर रिकामी होत होती. अलाशियाच्याच दुसऱ्या पत्रात असं आहे की ही माणसं माझे व्यापारी आहेत, त्यांना लवकर आणि सुखरूप सोड, माझ्या जहाजावर कुणी दावा सांगू नये. 'माझे' व्यापारी. त्या शब्दाला तुम्ही बगल देऊ शकत नाही.

एजियन, म्हणजे ग्रीसच्या बाजूला तर आणखी कठीण. तिथल्या राजवाड्यांचे हिशोब ज्या लिपीत आहेत त्या लिनिअर बी पाट्यांत व्यापाऱ्याला म्हणावा असा स्पष्ट शब्दच मिळत नाही. ग्रीसमधल्या पिलोसला राजवाडा काशाचं वजन करून कारागिरांना वाटतो आणि ते नोंदवून ठेवतो. गेलिडोन्याचा दाखला मान्य, पण इ.स.पू. १२०० म्हणजे राजवाडे कोसळायला लागल्याचा काळ. उलुबुरून त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं.

शेवंता

तुमचा वाद वाचताना एक गोष्ट सतत खुपते आहे. व्यापारी म्हटलं की कुणीतरी धाडसी, दर्यावर्दी, संस्कृती जोडणारा माणूस असं चित्र नांगरताईंनी रंगवलंय. उगारितच्या लोकांना तो कसा वाटत होता?

हित्ती राजा हत्तुसिली तिसरा याचा एक निवाडा उगारितलाच सापडला आहे. उरा गावचे व्यापारी उगारितच्या प्रजेला डोईजड झाले, अशी तक्रार तिथल्या राजाने केली होती. निवाडा असा: उन्हाळ्यात धंदा करा, हिवाळा लागला की आपल्या गावी जा. उगारितमध्ये घरं आणि जमिनी विकत घ्यायच्या नाहीत. पण ज्याला कर्ज फेडता येणार नाही त्याला बायकामुलांसकट त्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात द्यायचं.

बायकामुलांसकट. समुद्रापलीकडून निळी काच आणि हस्तिदंत आले हे खरं, पण त्याच बंदरात कर्जापायी कुटुंबंच्या कुटुंबं दुसऱ्याच्या हवाली होत होती. माल राजाचा की व्यापाऱ्याचा हे ठरवताना त्यांचं नाव कुठल्याच बाजूला येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नांगर

शेवंता, हे मी लिहायला हवं होतं. व्यापाऱ्याला श्रेय देते आहे तर हेही त्याच्याच खात्यावर पडतं. पण तुमच्याच निवाड्यात बघा, राजाने व्यापाऱ्यांविरुद्ध दुसऱ्या, वरच्या राजाकडे दाद मागितली. स्वतःचे नोकर असते तर दटावून गप्प केले असते. अर्थात ते हित्ती राजाच्या मुलखातले होते, हे पाटीवाचक म्हणतीलच.

मसाल्याचा डबा

मी फक्त स्वयंपाकघरातून दोन गोष्टी सांगते. ग्रीसमधल्या मायसिनीच्या लिनिअर बी पाट्यांत 'कुमिनो' आणि 'सासामा' आहेत, म्हणजे जिरं आणि तीळ. दोन्ही शब्द सेमिटिक (हिब्रू-अरबीच्या कुळातल्या) भाषांमधून आलेले. राजांच्या तहातून असे शब्द येत नाहीत, ते माप घालणाऱ्याच्या तोंडून येतात.

दुसरी गोष्ट हळद. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दोच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवरच्या किटणात हळदीचे अंश मिळाले. आपली जहाजं तिथवर गेली असं मी म्हणत नाही, माल हातोहात सरकत गेला असेल. पण कुठल्या राजाने कुठल्या राजाला हळद भेट दिल्याचं पत्र आहे? मला तरी माहीत नाही.

पाटीवाचक

हळदीचं मान्य. पण इजिप्तचा फेरो दुसरा रामसेस याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरी भरलेली होती, तीही दक्षिण आशियातली. म्हणजे मसाला राजवाड्यातही पोचतच होता.

मसाल्याचा डबा

पोचत होताच. पण पोचवला कुणी?

तांबटआळी

काल रात्री कथलाबद्दल पुन्हा वाचलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. २०२२ सालच्या एका अभ्यासात उलुबुरूनच्या कथलापैकी साधारण तिसरा हिस्सा मध्य आशियातला आणि बाकीचा तुर्कस्तानातल्या टॉरस डोंगरातला असल्याचं म्हटलंय. त्यावर वाद आहे. पण खरं असेल तर मध्य आशियाच्या त्या डोंगरांत तेव्हा राजवाडा नव्हता, पत्रं लिहिणारा राजा नव्हता. गुरं पाळणारे लोक खडक फोडून कथील काढत असणार आणि ते हजारो किलोमीटर या हातातून त्या हातात गेलं असणार. भट्टीपाशी बसून आयुष्यभर कथील वापरलं, ते असं आलं असेल हे डोक्यात नव्हतं.

नांगरताई, कथलापुरतं तुमचं म्हणणं मान्य. तांब्याचं नाही.