जळगावचा चौधरी वाडा बघायचाय, माहिती हवी

केळीवाला_रावेर:
मंडळी, सुट्टीत मुलीला घेऊन जळगावला येतोय, तिला बहिणाबाईंची कविता आहे शाळेत आणि आता त्यांचं घर बघायचंच म्हणून हटून बसलीय. जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे एवढं माहितीय. त्यांचा जन्म तिथलाच का? आणि आत काय बघायला मिळतं?

जुना_जळगावकर:
नाही भो, जन्म आसोद्याचा, २४ ऑगस्ट १८८०, माहेरच्या महाजन. वाडा म्हणजे सासर. तेराव्या वर्षी नथुजी चौधरींशी लग्न होऊन आल्या, तिशीतच नवरा गेला, पदरात ओंकार, सोपान, काशी अशी तीन पोरं, घर आणि शेती दोन्ही त्यांनीच ओढलं. ३ डिसेंबर १९५१ ला जळगावातच गेल्या.
लिहिता-वाचता येत नव्हतं, दळताना नाहीतर शेतात काम करताना तोंडातून ओवी यायची आणि सोपानदेव नि त्यांचे मावसभाऊ सापडेल तेवढं वहीत उतरवून घ्यायचे, बाकीचं हवेतच गेलं, त्याची आजही फार हळहळ वाटते. पुढे सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, ते म्हणाले हे बावनकशी सोनं आहे, आणि १९५२ ला पुस्तक निघालं. बाईंनी ते बघितलंच नाही.

आसोदेकरीण:
वाड्यात आता संग्रहालय केलंय दादा. त्यांच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारं, पूजेचं सामान. लोक दारात फोटो काढतात नि निघतात, तसं करू नका, एकेका वस्तूपाशी थांबा, कारण हे आधी एका शेतकरी बाईचं घर आहे आणि कविता त्या कामातूनच निघालीय.
आणि एक सांगू का, येण्याआधी मुलीला कुणाकडे तरी जात्यावर बसवा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे वरच्या तोंडात टाकायचे, थोड्या वेळाने फिरवण्याला एक ठेका येतो बघा, ओवी त्याच ठेक्यात बसते. मग शाळेतली कविता तिला म्हणायला लावा, पाठ केल्यासारखी म्हणणारच नाही ती.

केळीवाला_रावेर:
ताई हे भारी सुचवलंत, माझ्या आत्याकडे जातं आहे अजून, रविवारीच नेतो. आसोदा पण त्याच दिवशी होईल ना?

जुना_जळगावकर:
आरामात होईल, जवळच आहे. फक्त वाडा उघडा आहे का ते आधी विचारून घ्या, सणावाराला पंचाईत नको.