लोकल भाजी म्हणजे नक्की कुठली?

बोरिवलीची_सूनबाई:
आमच्या गेटवर दर रविवारी एक टेम्पो लागतो. वर फलक, 'शेतातून थेट घरात'. भाव बाजाराच्या दीडपट, पण शेतकऱ्याला चार पैसे मिळतात म्हणून वर्षभर मुकाट्याने घेतेय. काल टेम्पोत मटार. टपोरा, हिरवागार, जून महिन्यात! आपल्याकडचा मटार थंडीतला, एवढं मलाही कळतं. पोराला विचारलं, "कुठला रे?" तर म्हणे, "लोकलच आहे ताई, पहाटे वाशीहून उचललाय." म्हणजे वाशीच्या घाऊक मार्केटात उतरलं ते सगळं लोकल! मग आग्र्याच्या बटाट्याने काय घोडं मारलंय? खरं सांगू, पोरापेक्षा स्वतःचाच राग आला जास्त. तर मंडळी, मुंबईत लोकल कशाला म्हणायचं? किती किलोमीटरपर्यंत?

विरार_स्लो:
आमच्या आईच्या हिशेबात लोकल भाजी म्हणजे मालडब्यातून येते ती. बाकी जूनमधला मटार बहुतेक हिमाचलचा.

वाडीवाला_वसई:
ताई, किलोमीटर सोडा, पाटी बघा. आमची वसईत लहानशी वाडी आहे. आई बावीस वर्षं पहाटेच्या गाडीने बोरिवलीला पाटी घेऊन यायची. या दिवसांत पाटीत काय? अळू, केळफूल, दोन-चार पडवळं, माठाच्या जुड्या. संपलं. कुणी फ्लॉवर मागितला की म्हणायची, "थंडीत या." ज्याच्याकडे बारा महिने सगळं मिळतं तो व्यापारी. व्यापारी म्हणजे चोर नव्हे, फक्त त्याने शेताचा फलक लावू नये.
आता आमचंही सांगतो. वाडीत कमी निघालं की आईसुद्धा दादरहून चार जुड्या घेऊन पाटी भरायची. पण विचारलं तर बोट दाखवून सांगायची, "ह्या माझ्या, त्या दादरच्या." हल्ली विहिरीचं पाणी मचूळ झालंय, त्यामुळे 'माझ्या' जुड्या कमीच.

कायद्याचं_बोला:
फलक खोटाच असतो असं नाही. 2016 साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून शेतकऱ्यांचे गट थेट मुंबईत विकू शकतात. आठवडे बाजारांत तसे येतातही. गाव विचारा, पीक कधी लावलं ते विचारा. ज्याने लावलंय तो बोलत सुटतो, थांबवावं लागतं.

रूळकाठ:
सगळ्यात जवळची भाजी रुळांच्या कडेला पिकते. पालक अगदी ताजा. पाणी नाल्याचं. घ्या लोकल!

बोरिवलीची_सूनबाई:
@रूळकाठ, आज डब्यात पालकच होता हो!
@वाडीवाला, संध्याकाळी स्टेशनबाहेर मुद्दाम पाट्या बघत गेले. सफाळ्याची एक आजी बसली होती, पुढ्यात फक्त शेवळं, ती पावसाच्या तोंडाशी येणारी रानभाजी. दोन जुड्या उचलल्या तर पैसे घेईना. "आधी सांग, काकडं आहेत घरी? नाहीतर घसा खाजेल नि शिव्या मला देशील." नाहीत म्हटल्यावर कनवटीची पुरचुंडी सोडून मूठभर काकडं, ती आंबट रानफळं, दिली. शेवळं आता ताटात पसरून ठेवलीत. आतला पिवळा भाग काढून टाकायचा ना? सासूबाई गावी गेल्यात, कुणीतरी लवकर सांगा.